विश्लेषण : दुकान छोटे असले तरी डेटा धोरण का हवे?

बिल करताना काउंटरवरून हमखास प्रश्न येतो, ‘मोबाइल नंबर सांगा’. आपण सांगतो, दुकानदार तो संगणकात टाकतो. पुढे त्याचे काय होते, हे बहुतेकदा दोघांनाही ठाऊक नसते. ग्राहकाला जाहिरातींचे मेसेज येत राहतात आणि दुकानदाराकडे कधीही न उघडलेल्या याद्या साचत राहतात. आतापर्यंत हे खपून गेले. नव्या कायद्यामुळे यापुढे ते महागात पडू शकते.

डेटा धोरण म्हणजे नेमके काय?

नाव भारदस्त असले तरी गोष्ट साधी आहे. कोणता निर्णय घेण्यासाठी कोणती माहिती हवी, ती कुठून घ्यायची, कुठे ठेवायची, बरोबर आहे की नाही हे कोण पाहणार आणि ती कधी पुसायची, या प्रश्नांची लिहून काढलेली उत्तरे म्हणजे डेटा धोरण. सॉफ्टवेअर त्यानंतर येते. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. आधी महागडे सॉफ्टवेअर घेतले जाते आणि त्याचे करायचे काय, हे नंतर ठरते.

एखाद्या घाऊक किराणा व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. दिवाळीला कोणता माल किती भरावा, हा त्याचा खरा प्रश्न असतो. त्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांची वस्तुनिहाय विक्री, परत आलेला माल आणि उधारीची स्थिती एवढे पुरेसे आहे. ग्राहकाची जन्मतारीख त्यासाठी लागत नाही.

भरपूर डेटा असूनही काम का अडते?

कारण तो चुकीचा असतो. एकच वस्तू एक कर्मचारी ‘साखर ५ किलो’ आणि दुसरा ‘शुगर ५ केजी’ अशी नोंदवतो. संगणकाच्या लेखी त्या दोन वस्तू झाल्या. एकीचा साठा शिल्लक दिसतो, दुसरीचा संपलेला. मग गोदामात माल असताना नवी ऑर्डर जाते आणि भांडवल अडकते.

बड्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ‘टार्गेट’ या अमेरिकी किरकोळ विक्री साखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडली. नवी यंत्रणा घाईघाईत उभारताना वस्तूंची लांबी-रुंदी, वजन, कोड अशा असंख्य नोंदी चुकीच्या भरल्या गेल्या. परिणामी गोदामे तुडुंब आणि दुकानांतील फळ्या रिकाम्या, असे चित्र निर्माण झाले. इतरही कारणे होती. पण नोंदींतील गोंधळ हे त्यातले मोठे कारण ठरले. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कॅनडातून माघार जाहीर केली. १३३ दुकाने बंद झाली आणि सुमारे १७ हजार ६०० जणांच्या नोकऱ्या गेल्या.

डबेवाल्यांकडून काय शिकावे?

मुंबईच्या डबेवाल्यांची सेवा १८९० पासूनची. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या मोजक्या खुणा असतात. डबा कुठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर द्यायचा, एवढेच त्यातून कळते. डबा पोहोचवायला लागते तेवढीच माहिती आणि ती साखळीतल्या प्रत्येकाला वाचता येईल अशी. कमी माहिती, पण अचूक आणि नेमक्या कामाची, हे डेटा धोरणाचे पहिले सूत्र आहे.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यवसायांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत.

माहिती कशासाठी घेतोय हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी लागेल. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही वाचण्याचा पर्याय ग्राहकाला असेल. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे हवे. उद्देश संपला की माहिती पुसावी लागेल. सुरक्षेत कसूर होऊन माहिती फुटली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. स्टार्टअपसह काही घटकांना ठरावीक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. मात्र ‘आपण लहान, आपल्याला कोण विचारतो’ या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

सुरुवात कुठून करावी?

एका कागदावर आपल्याकडील माहितीची यादी करा : बिलिंग सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲप, एक्सेल, कर्मचाऱ्यांचे फोन. प्रत्येक नोंदीपुढे ‘ही कोणत्या कामासाठी?’ असे लिहा. उत्तर सुचले नाही, तर ती माहिती घेणे थांबवा. वस्तूंच्या नावांची एकच यादी ठरवा आणि ती बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या. पासवर्ड सर्वांचा मिळून एक नको. नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा. बॅकअप घ्या आणि तो उघडतो का, हेही अधूनमधून तपासा. यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, शिस्त लागते.

मग खरा प्रश्न कोणता?

विश्वासाचा. उधारीची वही गल्ल्याच्या आत ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोणाचे किती देणे आहे, हे चांगला दुकानदार चारचौघांत बोलत नसे. वहीची जागा क्लाउडने घेतली म्हणून ती जबाबदारी संपत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच विक्रेत्यांना मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नका, असे बजावले होते. ती सवय अजून मोडलेली नाही. सरकारने लहान व्यावसायिकांना सोप्या मराठीत नमुने आणि मार्गदर्शन द्यायला हवे. नुसता दंडाचा धाक पुरणार नाही. आणि ग्राहकांनीही पुढच्या वेळी नंबर सांगण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘कशासाठी?’ ज्या दुकानदाराकडे याचे सरळ उत्तर असेल, त्याच्याकडे डेटा धोरण आहे असे समजायला हरकत नाही.