उमेदवारी हुकली, आता पुढे काय?

आमच्या दांडिया बाजार भागातले एक गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यासारखे अजून तीन-चार जण तरी आपल्या समाजात सापडतील. वीस-पंचवीस वर्षे पक्षाचे काम केले. खंडेराव मार्केटच्या इमारतीत महानगरपालिकेचे कोणते टेबल कुठे आणि कोणता साहेब किती वाजता जागेवर सापडतो, हे त्यांना तोंडपाठ. वेऱ्याचे बिल चुकून जास्त आले की आपल्या लोकांचे पाय पहिल्यांदा त्यांच्याच घराकडे वळत.

२०२१ च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेची निवडणूक झाली. १९ वॉर्ड, ७६ जागा. त्या वेळी भारतीय जनता पक्षाने नियम केला की साठीच्या पुढचे, तीन टर्म झालेले आणि पुढाऱ्यांचे नातेवाईक यांना तिकीट नाही. नियम जाहीर करणारे प्रदेशाध्यक्ष सी. आर. पाटील, म्हणजे मूळचे खानदेशातले, आपल्याच भाषेचे. आमच्या गृहस्थांची साठी नुकतीच उलटली होती. नाव गळाले. तेव्हापासून हे गृहस्थ गणपतीच्या मीटिंगला येत नाहीत, हळदीकुंकवाच्या दिवशी हॉलवर खुर्च्या मांडायलाही येत नाहीत. मध्यंतरी पासबुक भरायला माझ्या काउंटरवर आले होते. मी म्हटले, "काका, बरेच दिवसांत मंडळात दिसला नाहीत." तर म्हणाले, "आता माझे काय काम आहे तिथे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग असा विचार आला की वॉर्डाचे तिकीट ही लहान गोष्ट. देशातले सगळ्यात मोठे पद राष्ट्रपतीचे. त्या पदाची उमेदवारी ज्यांची हुकली, किंवा मिळून जे हरले, त्यांनी पुढे काय केले? आम्ही बी.कॉम. लोक. जुने व्हाउचर काढून टॅली करून बघायची सवय असते, म्हणून बसलो हिशेब लावायला.

आपल्या आठवणीतले जवळचे उदाहरण सुशीलकुमार शिंद्यांचे. पद उपराष्ट्रपतीचे होते, पण जात तीच. सोलापूरच्या कोर्टात नोकरी, मग पोलिसात फौजदार, मग राजकारण, असा हा माणूस. ऑगस्ट २००२ मध्ये भैरोसिंह शेखावतांसमोर उभे राहिले आणि ३०५ विरुद्ध ४५४ मतांनी हरले. पाच महिन्यांनी, जानेवारी २००३ मध्ये, विलासरावांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले! २००४ ची विधानसभा जिंकूनही खुर्ची परत विलासरावांकडे गेली आणि शिंद्यांना आंध्रचे राज्यपाल करून हैदराबादला पाठवले. २००६ मध्ये केंद्रात ऊर्जामंत्री, २०१२ मध्ये गृहमंत्री. पक्ष जिथे पाठवील तिथे हसतमुखाने जायचे, तक्रार करायची नाही. त्यांना हसणारे पुष्कळ आहेत, पण मला त्यात कमीपणा वाटत नाही. बदली झालेला कारकून काय वेगळे करतो?

(शेखावतांचेही गमतीचे आहे. २००२ मध्ये त्यांनी मराठी माणसाला हरवले आणि २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाला उभे राहिले तेव्हा जळगावच्या प्रतिभाताई पाटलांकडून हरले.)

त्याच २००७ मध्ये शिवराज पाटील चाकूरकरांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी चर्चेत होते. डाव्या पक्षांनी नको म्हटले आणि नाव मागे पडले. ते गृहमंत्रीच राहिले. पुढच्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, राजीनामा द्यावा लागला, आणि २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. बँकेत एखादी रक्कम कोणत्या खात्यात टाकावी कळत नसेल तर आम्ही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो. राज्यपालपद हे आपल्या राजकारणातले सस्पेन्स खाते आहे, असे मला कधी कधी वाटते. वाचकांनी राग मानू नये.

टी. एन. शेषन यांचा मार्ग निराळा. १९९७ मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे राहिले. नारायणन यांना साडेनऊ लाखांहून जास्त मूल्याची मते, शेषन यांना पन्नास हजारांच्या आसपास. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून १९९९ मध्ये आपल्या गांधीनगरला काँग्रेसच्या तिकिटावर अडवाणींविरुद्ध उभे राहिले आणि पुन्हा हरले. निवडणूक आयुक्त म्हणून ज्या माणसाने सगळ्या देशाला शिस्त लावली, त्याला स्वतःला उमेदवारी लाभली नाही.

पण खरे शिकण्यासारखे प्रकरण १९६९ चे. बडोदेकरांना ते दुसऱ्याही कारणाने जवळचे आहे. जुलै १९६९ मध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात उमेदवार ठरवायचा होता. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले, बहुमत झाले नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने. यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींनाच होते. त्यानंतर काही दिवसांतच मोरारजीभाईंचे अर्थखाते काढून घेतले गेले आणि १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ मध्ये निघालेली बँक ऑफ बडोदा त्या चौदांत होती. म्हणजे राष्ट्रपती कोण होणार या भांडणातच आमच्या बँकवाल्यांच्या नोकऱ्या सरकारी झाल्या, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

१६ ऑगस्टला मतदान झाले. व्ही. व्ही. गिरी अपक्ष, रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोटा कोणालाच पुरा होईना. मग दुसऱ्या पसंतीची मते मोजली. ती बहुतेक देशमुखांच्याच मतपत्रिकांवरची होती. त्यातली सुमारे ९२ हजार रेड्डींकडे गेली, गिरींकडे साडेअठरा हजार. तेवढ्यावर गिरी ४,२०,०७७ ला पोहोचले आणि कोटा १,९०८ ने ओलांडून राष्ट्रपती झाले. बॅलन्सिंगमध्ये शेवटच्या ओळीत फरक सापडावा तसे हे झाले.

आता तिघांचे पुढे काय झाले ते पाहा. जगजीवनराम उमेदवारी हुकली तरी मंत्रिमंडळात होतेच. काँग्रेस फुटल्यावर इंदिराजींच्या बाजूचे पक्षाध्यक्ष झाले आणि १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री. रेड्डी लोकसभेचे सभापतिपद सोडून उभे राहिले होते, तेही गेले. अनंतपूर जिल्ह्यात जाऊन शेती करीत बसले. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे नंद्यालहून निवडून आले, पुन्हा सभापती झाले आणि जुलैत ज्या पदासाठी हरले होते त्याच पदावर बिनविरोध बसले. १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार पडले तेव्हा रेड्डींनी आधी चव्हाणांना विचारले. चार दिवसांनी चव्हाणांनी जमत नाही म्हणून कळवले. मग चरणसिंह आले आणि गेले. त्यानंतर सरकार बनवू द्या म्हणून जगजीवनराम सांगत होते, पण रेड्डींनी लोकसभाच बरखास्त केली. बंगळूरला ज्यांच्या नावावर रेड्डींनी मात केली होती, त्यांचे पंतप्रधानपदही रेड्डींच्याच हातून गेले. आठ वर्षे वाट पाहून मिळालेले पद माणूस कसे वापरील, सांगता येत नाही.

आणि तिसरे चिंतामणराव. आमच्या घरी वडिलांच्या कपाटात सहाव्या जॉर्जच्या चित्राची दोन रुपयांची नोट होती, तिच्यावर त्यांची सही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. वडील ती नोट दाखवून म्हणत, "ही सही महाडजवळच्या नाते गावच्या मुलाची आहे." अर्थमंत्री असताना इंपीरियल बँकेची स्टेट बँक त्यांच्याच काळात झाली. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, हे तर महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही अभिमानाने सांगितले जात होते. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळ, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद.

१९६९ मध्ये हरले तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. राज्यपालपद मागितले नाही, पक्ष काढला नाही, कोणाला दोष देत फिरले नाहीत. संस्कृतचे वेड लहानपणापासूनचे होते, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी. ते वाचन चालूच राहिले. १९७४ मध्ये आत्मचरित्र आले, १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळाले. अखेरची वर्षे हैदराबादला दुर्गाबाईंबरोबर गेली, तिथे दुर्गाबाईंची आंध्र महिला सभा होती. २ ऑक्टोबर १९८२ ला गेले. त्यांच्या आयुष्याच्या हिशेबात राष्ट्रपतिपदाची निवडणूक ही एक ओळ आहे. ती खोडली तरी खाते रिकामे दिसत नाही.

अमेरिकेत पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठीच आधी वर्षभर लढावे लागते. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन ती बराक ओबामांकडून हरल्या आणि पुढच्या वर्षी त्याच ओबामांच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. अल गोर २००० मध्ये थोडक्यात अध्यक्षपद हुकल्यावर पर्यावरणाच्या कामाला लागले, २००७ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटेकरी झाले. तिथेही दोनच मार्ग दिसतात. एक, जिंकणाऱ्याने किंवा पक्षाने काहीतरी द्यावे. दुसरा, आपले आपण काम शोधावे.

मला दुसरा मार्ग अधिक पटतो, पण पहिल्याला नावे ठेवायची माझी तयारी नाही. शिंदे आणि शिवराजजी यांना पक्षाने जागा दिली, कारण दिल्लीकडे देण्यासारख्या जागा असतात. बडोद्याच्या वॉर्डात कोण कोणाला राज्यपाल करणार? इथे तिकीट कापले की माणूस थेट ओट्यावर येऊन बसतो. म्हणून आपल्या माणसांना चिंतामणरावांचाच रस्ता उरतो, आणि त्यासाठी तिकिटाच्या आधीपासून हातात काहीतरी काम असावे लागते.

माझेच सांगतो. क्लार्कचा ऑफिसर होण्याची परीक्षा मी दोनदा दिली, दोनदा नाव आले नाही. पहिल्या वेळी महिनाभर कोणाशी धड बोललो नाही. घरच्यांनी फार सोसले. दुसऱ्या वेळी मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे होता आणि ऑडिट तोंडावर आले होते. रुसायला वेळच मिळाला नाही.

आणि आमच्या काकांच्या हातात तर केवढे काम आहे! आपल्या जुन्या घरांपैकी कित्येकांत आता दोन म्हातारी माणसेच राहतात, मुले पुण्याला किंवा परदेशात. वेऱ्याचे ऑनलाइन बिल त्यांना भरता येत नाही, जुन्या वाड्याचे वारसाहक्काचे कागद अडकलेले असतात, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात माझ्या काउंटरसमोर रांग लागते. यातले निम्मे काम खंडेराव मार्केटमधल्या टेबलांची माहिती असलेला एक माणूस आठवड्यातून दोन तास बसला तर सुटेल. नगरसेवक असण्याची त्याला गरज नाही. उलट तो नगरसेवक नसला तर कोणत्याही पक्षाचा माणूस त्याच्याकडे बिनदिक्कत येईल.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी हे लेखी मांडले आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा हॉलची पुढची खोली उघडी ठेवायची, एक टेबल, दोन खुर्च्या आणि इंटरनेटचे कनेक्शन, एवढाच खर्च. परवा काकांना फोन केला. आधी म्हणाले, "बघतो." मग थोडा वेळ गप्प राहून विचारले, "त्या खोलीला पंखा आहे का?"

पंखा आहे. रेग्युलेटर बिघडला आहे, तो या आठवड्यात बदलून घेतो.