रजई संदुकीतच राहिली

दिवाळी झाली की आमच्या मोहल्ल्यात पिंजारी चाचा येत. खांद्यावर पिंजण. तातेचा टंग टंग आवाज गल्लीत घुमला की अम्मी जुन्या रजया बाहेर काढायची. फजरला वजूचं पाणी हाडांपर्यंत झोंबायचं. आता त्याच गल्लीत डिसेंबरमध्ये पंखा लावून झोपणारी घरं आहेत.

चाचांचा मुलगा रिक्षा चालवतो. “सर, थंडी पडते तरी किती दिवस?” असं तो विचारतो. खरं म्हणजे त्याच्या धंद्याला पहिला फटका स्वस्त पॉलिस्टरच्या ब्लँकेटने दिला, आणि पॉलिस्टर बनतं खनिज तेलापासून. म्हणजे तेलाने आधी त्याची रजई घेतली, मग हिवाळाही.

थंडीच्या लाटा अजून येतात, हे मान्य. नुसत्या आठवणींवर निकाल देऊ नये, हेही मान्य. पण हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी २०२५ चा आहे. कारखानदारी येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. वाढ मुख्यतः कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने झाली. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते आणि हा वायू त्यातली काही अडवतो. वर गेलेला कार्बन शेकडो वर्षं रेंगाळतो.

“अल्लाहची मर्जी,” असं म्हणून आपल्यातले काही जण मोकळे होतात. मला हे पटत नाही. सूरह रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे, आणि तो बिघडवू नका अशी ताकीदही. आपण बिघडवायचा आणि नाव मालिकाचं घ्यायचं?

सगळ्यांचा गुन्हा सारखा नाही, हेही बोललं पाहिजे. सरासरी अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या सहापटीहून जास्त कार्बन सोडतो. आमचे चाचा तर जन्मभर पायी आणि सायकलवर फिरले. पण त्यांच्या गरिबीआड आपण का लपावं? आमच्या मशिदीत फजरला जेमतेम एक सफ भरते आणि पंखे सगळे चालू असतात. इस्राफवर बयान मात्र दरवर्षी होतं.

सध्या एसीसाठी चंदा चालू आहे. आपली बरीचशी वीज कोळशाचीच, म्हणून मी बैठकीत म्हटलं, आधी छतावर सोलर बसवू. दोघांनी मान डोलावली. एक बुजुर्ग हसून म्हणाले, “मास्तर, हे मे महिन्यात बोलून दाखवा.”

बोलणार आहे.