भाभींचा एकटीचा फोटो



गेल्या पर्युषणानंतर आमच्या मोठ्या जाऊबाई गेल्या. आम्ही सगळे त्यांना भाभीच म्हणायचो. वय चौऱ्याहत्तर. सकाळी सामायिक करून उठल्या आणि तासाभरात सगळं संपलं. असं मरण मागूनही मिळत नाही, असं सगळे म्हणाले. ते खरंच आहे.

उठावण्यासाठी फोटो हवा होता. पुतण्या म्हणाला, "काकी, मोबाईलमध्ये बघा ना." मी बघितलं. त्यानेही बघितलं, सुनांनी बघितलं, नणंदेने सुरतहून तिच्या फोनमध्ये शोधलं. चार-पाच मोबाईलमधले हजारो फोटो आम्ही त्या दुपारी पालथे घातले. भाभी पुष्कळ फोटोंत होत्या, पण कशा? वाढदिवसाच्या केकमागे हातात ताटं धरून. लग्नात कुणाच्या तरी खांद्याआडून अर्धा चेहरा. तपश्चर्येच्या पारण्याला पाठमोऱ्या, कारण त्या वाढत होत्या. एका फोटोत नुसता हात, पण बांगड्यांवरून आम्ही ओळखला. समोर बघून, स्वस्थ उभ्या असलेल्या, एकट्या भाभी एकाही फोटोत नव्हत्या. होता तो आधार कार्डावरचा, आणि त्यात कोणाचाच चेहरा स्वतःसारखा दिसत नाही.

शेवटी एका बारशातला चेहरा कापून काढला. स्टुडिओवाल्याने शेजारणीचा खांदा पुसला, मागे निळं आकाश टाकलं आणि साडीचा पदर नीट दिसत नव्हता म्हणून कॉम्प्युटरवर दुसरीच साडी नेसवली. जांभळी, जरीकाठाची. भाभींनी जन्मात जांभळा रंग घातला नाही. त्या फोटोला आम्ही सुखडीचा हार घातला. आजही तोच भिंतीवर आहे. जाता-येता नजर गेली की मला वाटतं, कुणा परक्या बाईला आपण नमस्कार करतोय.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. मुंबईची माझी लेक दोन वर्षं मागे लागली होती, "आई, तुम्ही दोघं आलात की एक फोटोग्राफर बुक करू. तासभर. छान फोटो काढून देतात." आणि मी दोन वर्षं तिला उडवून लावत होते. फिरायला गेल्यावर पैसे देऊन माणूस बोलवायचा आणि त्याने सांगितलं तसं हसायचं! ही नव्या नवरा-नवरीची थेरं, आपल्याला काय करायची? वर मी अपरिग्रहाचं प्रवचनही ऐकवलं होतं. लेक बिचारी गप्प बसली.

माझं ते मत आता बदललं आहे. का बदललं ते लिहिते. तुमच्यातल्या काहीजणींना पटणार नाही, चालेल.

मोबाईल असताना फोटोग्राफर कशाला, हा पहिला प्रश्न. मीही हेच विचारायचे. पण घरातल्या मोबाईलने फोटो काढतं कोण? बहुतेक वेळा आपणच. नाहीतर आपण कुठे असतो? डबा उघडत असतो, कुणाची चप्पल शोधत असतो, गाळलेल्या पाण्याची बाटली कुणाकडे राहिली ते बघत असतो. "मम्मी, तू पण ये ना" असं कुणी म्हणेपर्यंत सगळे पांगलेले असतात. पैसे देऊन बोलावलेला माणूस फक्त तुमच्याकडे बघायला आलेला असतो. मला वाटतं, एवढ्यासाठीच त्याची किंमत आहे.

आता एक जुनी गोष्ट. १९८६ साली सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेनं. एक दुपार मोकळी मिळाली तर भाभी आणि मी गेटवे ऑफ इंडियाला गेलो. गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याचे फोटो घेऊन फिरणारे फोटोग्राफर तेव्हा तिथे खूप असत. एकजण मागेच लागला. पत्ता लिहून द्या, फोटो पोस्टानं घरी पाठवतो म्हणाला. भाभी तेव्हा पस्तिशीच्या, हिरवी साडी, केसांत वारा भरलेला. मला फार वाटलं काढावा. भाभी म्हणाल्या, "आपले थोबाड आपण रोज बघतो, पैसे कशाला घालवायचे?" आणि माझा हात धरून पुढे निघाल्या. त्या पैशाचे आम्ही चणे-शेंगदाणे घेतले. किती पैसे वाचवले ते आठवत नाही. हिरवी साडी मात्र आठवते.

म्हणून या जानेवारीत लेकीला मीच फोन केला आणि म्हटलं, ठरव. जागा गेटवेचीच.

बायकांनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेणं ही काही आजची फॅशन नाही. राजा दीनदयाळ यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. निजामाचे फोटोग्राफर. १८४४ साली मेरठजवळ सरधन्याला जन्मले, आणि आपल्याला अभिमान वाटावा असं म्हणजे जैन जवाहिऱ्यांच्या घरात जन्मले. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस इंदूरला नोकरी करता करता फोटोग्राफीकडे वळला. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसणार कशा? म्हणून तिथलं काम केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवलं. पुढे १८९६ साली मुंबईतही त्यांनी स्टुडिओ उघडला. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका जैन माणसाच्या लक्षात आलं होतं की बाईलाही स्वतःचा फोटो हवा असतो, फक्त तिला संकोच वाटणार नाही अशी सोय पाहिजे. ती सोय आज आपल्यालाही हवी असते. म्हणून लेकीला मी एकच अट घातली, फोटो काढणारी बाई पाहिजे. मिळाली. तिशीतली मुलगी होती, पाठीवर पिशवी आणि पायात कॅनव्हासचे बूट.

हिशोब सांगते, कारण बी.कॉम. झालेल्या बाईला हिशोबाशिवाय चैन पडत नाही. एका तासाचे सात हजार, त्यात दोन हजार आगाऊ. निवडून, नीट करून तीस फोटो. एका फोटोला दोनशे तेहतीस रुपये पडले. रक्कम लहान नाही. पण गेल्या दिवाळीला मी स्वतःसाठी घेतलेली आणि एकदाच नेसलेली साडी याहून महाग होती, हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं.

तिने मोबाईलवर दोन पानी करार पाठवला. लेक म्हणाली, "आई, ओके करून टाक." मी चष्मा लावून सगळा वाचला. एक कलम होतं की काढलेले फोटो ती स्वतःच्या इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी वापरू शकेल. मी ते काढायला लावलं आणि तिने मुकाट काढलंही. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. पैसे देऊन तुम्ही स्वतःचा फोटो काढवून घेतलात, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तोवर त्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. म्हणूनच करारात वेगळं काय लिहिलंय ते वाचायचं. घरी सून-मुली असतील तर जास्तच नीट वाचायचं.

वेळेवरून थोडी गंमत झाली. तिचा आग्रह संध्याकाळचा. सूर्य मावळण्याआधीचा तास म्हणे फोटोसाठी सोन्यासारखा. मी म्हटलं, बाई, तो तास आमच्याही कामाचा आहे, आमचा चौविहार असतो. सूर्यास्ताआधी जेवून पाणी पिऊन मोकळं व्हायचं की कठड्याला टेकून हसायचं? मग सकाळ ठरली. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं नवकारसीची, म्हणजे आठपर्यंत तसंही तोंडात काही घालायचं नाही. तो वेळ रिकामाच असतो. तिने आपुलकीने कटिंग चहा आणला होता. आम्ही दोघांनी हात जोडले, तर आधी तिला वाटलं आम्ही रागावलो. मग समजावून सांगितलं. आठ वाजून गेल्यावर तिघांनी मिळून दुसरा घेतला.

एका गोष्टीला मी साफ नाही म्हटलं. तिथे कबुतरांचा थवा बसलेला असतो. त्यांच्यात धावत जायचं, ती उडाली की फोटो काढायचा, अशी तिथली पद्धत. दिसायला छान दिसतं. पण आपल्या फोटोसाठी बसलेल्या जीवांना का घाबरवायचं? ती म्हणाली, "आंटी, असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला.

देरासरांचं तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी वाळकेश्वरला आदीश्वर दादांच्या दर्शनाला गेलो तेव्हा तिला बरोबर नेलं नाही. यात्रेच्या ठिकाणी मूळनायकाकडे पाठ करून उभं राहणारी माणसं मी पाहिली आहेत. देलवाड्याला फोटोंना पूर्ण बंदी आहे, ते मला फार आवडतं. तिथून जे घेऊन यायचं ते डोळ्यांनीच यावं. हा हट्ट मी सोडणार नाही, फोटोवाली झाले तरी.

लग्नाआधीच्या शूटिंगबद्दलही माझं मत जुनंच आहे. काही गावांत आपल्या समाजाने त्याविरुद्ध ठराव केलेत. मुलीच्या बापावर लाख-दीड लाखाचा बोजा टाकायचा आणि ते फोटो मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायचे, याला माझा विरोध आहे. पण त्या ठरावांच्या धाकाने साठीतल्या बाईने स्वतःचा एक साधा फोटोही काढू नये, हे मला पटत नाही. परिग्रह साठवण्यात आणि मिरवण्यात असतो. माझे तीस फोटो मी कुठेही टाकले नाहीत, तुम्हालाही इथे दाखवणार नाही.

हे लिहिताना आपल्याच तालुक्यातली काठीची राजवाडी होळी आठवली. दरवर्षी शहरांतून मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसं येतात. नटूनथटून आलेल्या आदिवासी बायामाणसांचे फोटो काढतात आणि निघून जातात. कितीजण त्यांना विचारत असतील? कितीजण नंतर एक प्रत पाठवत असतील? आमच्या दुकानात येणाऱ्या मोलगीकडच्या एका आजीबाईंना मी विचारलं होतं, तुमच्याकडे तुमचा फोटो आहे का? त्या म्हणाल्या, रेशनकार्डावर आहे. मग भाभींत आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

फोटो दहा दिवसांनी आले. लिंक उघडली आणि ह्यांनी विचारलं, "ही कोण?" मी गोरी झाले होते! कपाळावरच्या आठ्या गेल्या, हनुवटीवरचा तीळ गेला, मान तर पंचविशीतल्या मुलीची. मुलीने कौतुकानेच केलं होतं सगळं. पण मला ती जांभळी साडी दिसली. लगेच फोन लावला. म्हटलं, बेटा, माझ्या सुरकुत्या मला परत दे. ती हसली, पण तीन दिवसांत सगळे फोटो पुन्हा करून पाठवले. म्हणून पैसे देतानाच सांगा की चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि लिंक महिन्याभरात बंद होते, तेव्हा फोटो आधी उतरवून घ्या. निदान चार-पाच कागदावर छापा. मोबाईल बिघडला की त्यातलं सगळं जातं. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो.

माझा एक फोटो मला आवडला. त्यात मी कॅमेऱ्याकडे बघतही नाहीये. समुद्राकडे बघतेय, पदर वाऱ्याने उडालाय, मागे गेटवेची कमान. साडी हिरवी आहे. ती मुद्दाम नेसले होते.

तो छापून भाभींच्या मुलाला दाखवला. बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "काकी, आईला पण न्यायला पाहिजे होतं." मी त्याला १९८६ ची गोष्ट सांगितली नाही. अजून सांगितलेली नाही.

सुरतच्या नणंदेला मात्र फोन केला. ती एकाहत्तर वर्षांची. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पालिताण्याला जाणार आहोत, येताना एक दिवस भावनगरला थांबू. तिथे कुणी फोटो काढणारी बाई मिळते का ते लेक बघतेय. नणंद आधी नको नको म्हणाली. परवा तिचाच फोन आला, चष्मा काढून बसलं तर चालेल का म्हणून. मी म्हटलं, चष्मा राहू दे.