रविवार, काउंट आणि प्रार्थना

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावरून मुंबई गाठायची म्हणजे अख्खी रात्र प्रवासात. तिथल्या एखाद्या ख्रिस्ती घरातल्या चिमुरड्याला ब्लड कॅन्सर निघाला, तर पहिली प्रार्थना सोपी असते : 'याला बरं कर.' पुढच्या अवघड! केमोने पांढऱ्या पेशी घटतात, 'काउंट' पडतो आणि डॉक्टर गर्दीत जायला मनाई करतात. म्हणजे चर्चची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच चर्च बंद! मग पाळकसाहेब फोनवर प्रार्थना करतात, आई खोलीतच बायबल उघडते.

खरी कसोटी नंतरच. मुलांच्या एएलएलमध्ये बहुतेकदा महिनाभरातच तपासणीत कॅन्सर दिसेनासा होतो. देवाचे आभार मानून गावी परतावंसं वाटतंच. पण उपचार दोन-तीन वर्षं चालतात, मध्येच सोडले तर आजार उलटतो. तोवर मुंबईत राहायचं कुठे? २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स अशा कुटुंबांची मोफत सोय करतात. ज्यूड म्हणजे आशा सुटलेल्यांचा संत. इथे श्रद्धा म्हणजे पुढच्या तारखेला फाईल घेऊन हजर राहणं.

आणि आपण? दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात. एक शनिवार देऊन बघा!