दानाचा हिशेब आणि मुलांचा हक्क

गरीब देशांतील आणि मागास प्रदेशांतील मुलांसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थांची आज जगात वाण नाही. मोठमोठ्या शहरांतील चौकांत त्यांचे फलक झळकतात. त्यांवर एका उपाशी मुलाचे डोळे असतात आणि खाली एक रक्कम लिहिलेली असते : इतके दिलेत तर एका मुलाचे वर्षभराचे जेवण, इतके दिलेत तर एका मुलीचे शिक्षण. फलक पाहणाऱ्याचे मन द्रवते, आणि ते द्रवावे हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या मुलाचा बाप कोण, आई कोणते काम करते, त्या कामाचा मोबदला काय मिळतो आणि उरलेले मोल कोणाच्या तिजोरीत जाते, हे त्या फलकावर कधीच लिहिलेले नसते. मूल जणू आभाळातून पडले आणि उपाशी राहिले! दयाधर्माच्या या चित्रातून श्रम आणि शोषण नेमके गाळले जाते. आमचा आक्षेप आहे तो या गाळण्याला.

हा प्रश्न हवेत चर्चिण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी भिलाईसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या कारखान्यासाठी भारताला मिळालेले साहाय्य हे दान नव्हते. ते अडीच टक्के व्याजाचे, बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे कर्ज होते. त्याबरोबर यंत्रे आली, तसे ज्ञानही आले. आणि भारतीय अभियंते व कामगार ते ज्ञान आत्मसात करून स्वतः भट्ट्या चालवू लागले. घेणारा कायमचा याचक राहणार नाही अशी तजवीज ज्या साहाय्यातच असते, ते साहाय्य. घेणाऱ्याला दरवर्षी त्याच दारात उभे करते, ती भीक. राष्ट्रांच्या व्यवहारात जी कसोटी, तीच मुलांच्या बाबतीतही लावली पाहिजे.

भिलाईच्या वसाहतीत कायम कामगारांच्या मुलांसाठी शाळा, दवाखाने आणि क्रीडांगणे उभी राहिली. सार्वजनिक उद्योगाने कामगाराच्या मुलाला काय देता येते, याचे ते एक उदाहरणच होते. परंतु या वसाहतीला कुंपण होते. ज्या खनिजावर भिलाईच्या भट्ट्या पेटत, ते खनिज येत होते दक्षिणेकडील दल्ली-राजहरा येथील खाणींतून. आणि तेथे हाताने दगड फोडणारे, तो वाहून नेणारे छत्तीसगढी व आदिवासी स्त्री-पुरुष होते कंत्राटदाराचे. पोलाद एकच, राष्ट्रही एकच. पण एका कामगाराचे मूल शाळेच्या गणवेशात आणि दुसऱ्याचे मूल खाणीच्या काठावर, धुळीत.

१९७७ साली या कंत्राटी खाण-कामगारांनी प्रस्थापित संघटनांनी मान्य केलेला बोनसचा करार झुगारला, 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' स्थापन केला आणि शंकर गुहा नियोगी यांना आपला नेता निवडले. त्याच वर्षी २ व ३ जून रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण ठार झाले. त्यांत एक स्त्री होती आणि एक बालकही होते. पुढील काही वर्षांत संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई यांना बाळंतपणात योग्य उपचार मिळाले नाहीत आणि त्या दगावल्या. हजारो कामगार एकत्र आले. कोणा दानशूराकडे अर्ज करावा असे त्यांच्या मनात आले नाही. आपल्या आयाबहिणींसाठी आणि मुलांसाठी आपणच रुग्णालय बांधू, असा त्यांनी निर्धार केला.

३ जून १९८३ रोजी, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालय सुरू झाले. इमारत उभी राहिली ती कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून. कोनशिलेवर कोणा मंत्र्याचे वा उद्योगपतीचे नाव कोरण्याची गरज पडली नाही. उद्घाटन केले ते एका वृद्ध खाण-कामगाराने आणि एका शेतकऱ्याने. बिनायक सेन, आशिष कुंडू, पुण्यव्रत गुण, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे कामगारांचे सोबती म्हणून आले. कष्टकऱ्यांच्या आरोग्यासाठी कष्टकऱ्यांचा स्वतःचा कार्यक्रम, हे त्या रुग्णालयाचे ब्रीद होते. खाण-कामगार तेथे आरोग्य-कार्यकर्ते झाले. हगवणीने मुले का मरतात, घरच्या घरी मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, निरुपयोगी औषधांवर पैसा का उधळू नये, हे त्यांनी वस्त्यावस्त्यांतून सांगितले. संघटनेने शाळा बांधल्या आणि दारूविरुद्ध मोहीम उघडली. कारण मजुरीची झुंज जिंकूनही पैसा दारूच्या गुत्त्यात गेला, तर मुलाच्या ताटात काहीच पडत नाही, हे त्या बायकांना कोणी शिकवावे लागले नव्हते. 'संघर्ष आणि निर्माण' या दोन शब्दांत नियोगींनी हा अनुभव सांगितला.

येथे कोणी विचारील की, हेही लोकसेवेचेच काम नव्हे काय? तसे म्हणण्यास हरकत नाही. परंतु फरक मूलभूत आहे. येथे देणारा आणि घेणारा एकच वर्ग होता. निर्णय त्याचा, हिशेब त्याचा आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याचाच. रुग्णालय बांधले म्हणून मजुरीची मागणी सोडली गेली नाही. उलट, त्या मागणीतूनच रुग्णालय जन्मले.

मजुरीच्या मागणीवर मालकशाही कशी उत्तर देते हे भिलाईने पाहिलेले आहे. १९९० नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगार जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी मागू लागले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना भिलाई येथे झोपेत गोळी घालण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर ठाण मांडलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सोळा कामगार प्राणास मुकले. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलांना सहानुभूती दाखवणारे पुष्कळ निघाले असतील. त्यांच्या बापांना, ते जिवंत असताना, रास्त वेतन देणारा मात्र निघाला नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या 'सामाजिक उत्तरदायित्वा'कडे पाहावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. त्या पैशातून कोठे वर्गखोल्या होतात, कोठे दवाखाने होतात. त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे काय, आणि तो नफा निघाला कसा? कायम कामगाराची जागा कंत्राटी कामगाराने भरली की वेतनखर्च घटतो आणि नफा वाढतो. तोच कंत्राटी कामगार कामावर असताना कंपनीचा नसतो. त्याची जबाबदारी कंत्राटदारावर. मात्र त्याचे मूल दत्तक गावातील शाळेत दप्तर घेताना कंपनीचे 'लाभार्थी' होते आणि त्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापले जाते. बापाच्या पाकिटातून रुपया काढून मुलाच्या हातावर दोन पैसे ठेवण्याचा हा व्यवहार आहे. त्याला औदार्य म्हणावयाचे की हिशेबाची हातचलाखी?

शाळेतील माध्यान्ह भोजनाचेही तसेच. देशभरच्या सरकारी शाळांत शिजवलेले अन्न मिळू लागले ते कोणाच्या करुणेमुळे नव्हे. लोकस्वातंत्र्य संघटनेच्या (पीयूसीएल) याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशामुळे, आणि त्यामागे उभ्या राहिलेल्या अन्न-अधिकाराच्या चळवळीमुळे ते मिळू लागले. आता अनेक शहरांत धर्मादाय संस्थांच्या मोठ्या यांत्रिक स्वयंपाकघरांतून हे अन्न येते; भिलाईतही 'अक्षयपात्र'चे असे स्वयंपाकघर २००९ पासून आहे. मुलांना गरम जेवण मिळते ही चांगलीच गोष्ट. पण धान्य सरकारी गोदामातले, शिजवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी खजिन्यातला, म्हणजे जनतेच्याच करातला. देणगीदाराची भर त्यावरची. असे असता मुलाच्या मनावर ठसते ते 'हे कोणीतरी दिले' हे. शाळेतच स्वयंपाक करणारी गावची बाई मुलांना ओळखते, गावाला उत्तर देते आणि तिला चार पैसे मिळतात. दूरच्या स्वयंपाकघराला गाव जाब विचारू शकत नाही. अन्नाचा हक्क एकदा देणगीच्या भाषेत बोलला जाऊ लागला की, देणगी आटताच तो हक्कही आटतो.

दयेच्या आडून व्यापार कसा घुसतो याचा धडा जगाला बाळदुधाच्या प्रकरणात मिळालाच आहे. १९७० च्या दशकात बहुराष्ट्रीय कंपन्यांनी गरीब देशांतील प्रसूतिगृहांत दुधाच्या भुकटीचे फुकट डबे वाटले. डबा संपेपर्यंत आईचे दूध आटलेले असे. पुढचा डबा विकत घ्यावा लागे, तो पुरवावा म्हणून पाणी वाढवावे लागे, आणि पाणी दूषित असे. जगभर निषेध उठला तेव्हा कोठे १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीविरुद्ध आचारसंहिता संमत केली, आणि भारतात १९९२ साली कायदा झाला. फुकट मिळालेल्या त्या डब्याची किंमत तान्ह्या बाळांनी प्राणांनी चुकवली.

मग मुलांचे खरोखर भले कशाने होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावेत. छत्तीसगढमध्ये पाच वर्षांखालील, वयाच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३७.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३१.३ टक्क्यांवर आले. त्याच काळात महाराष्ट्रात हे प्रमाण ३६ टक्क्यांवर होते, तेथेच राहिले. मुंबईचा शेअरबाजार आणि देशातील बड्या उद्योगपतींची निवासस्थाने ज्या राज्यात, त्या राज्याचे मूल छत्तीसगढच्या मुलापेक्षा अधिक हडकुळे! दानशूरांच्या संख्येने कुपोषण हटत असते, तर हा आकडा उलटा असता. छत्तीसगढमध्ये २००२ पासून गावोगावच्या 'मितानिन' या आरोग्य-कार्यकर्त्या काम करीत आहेत. केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधी, २०१२ मध्येच, त्या राज्याने आपला कायदा केला आणि रेशनव्यवस्था बहुसंख्य घरांपर्यंत नेली. सरगुजात तीन वर्षांखालील मुलांसाठी 'फुलवारी' सुरू झाल्या. तेथे आयाच पाळीपाळीने मुले सांभाळतात व त्यांना गरम अन्न भरवतात, म्हणजे बाकीच्या आयांना कामावर जाता येते. सुधारणेचे सारे श्रेय याच उपायांना आहे असा दावा आम्ही करीत नाही. आणि प्रत्येक तिसऱ्या मुलाचे वजन कमी असणे ही अभिमानाची गोष्टही नव्हे. परंतु दिशा कोणती ते स्पष्ट आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आईच्या पोटात अन्न नसेल, तर बाळाच्या वजनात ते कोठून उतरणार?

याचा अर्थ संकटकाळी घास देणाऱ्या हाताचा अवमान करावा असा मुळीच नाही. १८७७ च्या भीषण दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. भुकेल्या मुलाला 'आधी समाज बदलू दे, मग जेव' असे सांगणारा क्रांतिकारक नव्हे, तो निव्वळ पंडित. परंतु मुलांना भाकरी वाढणाऱ्या जोतीरावांनीच शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब सरकारपुढे आणि समाजापुढे मांडला. एका हाती भाकरी आणि दुसऱ्या हाती जाब, अशी ती सेवा होती.

आज ही सेवा सर्वांत जवळून करते ती अंगणवाडी सेविका. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली; पन्नास वर्षे लोटली, तरी देशातील कोट्यवधी बालकांना वजनकाट्यावर ठेवणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या या स्त्रीला सरकार कामगार मानावयास तयार नाही. तिला वेतन नाही, 'मानधन' आहे. केंद्राने २०१८ मध्ये जो दर ठरवला तो सेविकेस दरमहा ४,५०० आणि मदतनीसास २,२५० रुपये. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तिने दया करावी, त्याग करावा आणि पगार मागू नये, अशी अपेक्षा! येथेही पुन्हा दयेचीच भाषा वेतन चुकवण्याच्या कामी येते. सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. तरीही ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन आणि मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नास दिवसांहून अधिक काळ संप करावा लागला. मुलांच्या नावाने त्यांना दूषणे देणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, जिचे स्वतःचे मूल अर्धपोटी आहे, तिने दुसऱ्याच्या मुलाला किती काळ पोटभर हसून वाढावे?

म्हणून आपल्या प्रत्येक शाखेने या प्रश्नाला हात घालावा. आपल्या वस्तीतील अंगणवाडीत वजनकाटा चालू आहे काय, धान्य वेळेवर येते काय, शाळेतील स्वयंपाक करणाऱ्या बाईला पैसे किती महिने मिळालेले नाहीत, कंत्राटी कामगारांच्या वस्तीत पाळणाघर आहे काय, याची नोंद सभासदांपाशी असली पाहिजे. संघटनेच्या मागणीपत्रकात वेतनाबरोबर मुलांच्या शाळेची, दवाखान्याची आणि पाळणाघराची मागणी आली पाहिजे. आणि ज्या कामगाराचे नाव हजेरीपटावर कंत्राटदाराच्या खाती आहे, त्याचे मूल त्या मागणीत सर्वांत आधी आले पाहिजे. दल्ली-राजहराच्या निरक्षर खाण-कामगारांनी जे करून दाखवले, ते सुशिक्षित व सुसंघटित कामगारांना अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

मूल हे कोणाच्या पुण्यसंचयाचे साधन नव्हे. त्याच्या ताटातील भाकरी त्याच्या आईबापांच्या श्रमाने आधीच मिळवलेली आहे. ती वाटेत कोठे अडवली जाते, ते शोधून वाट मोकळी करणे हीच त्याची खरी मदत होय.