कानाचे मशीन डबीत का जाते?

घरात दादीसाठी कानाचे मशीन आणले जाते आणि महिन्याभरात ते डबीत जाऊन पडते. विचारले तर ती म्हणते, "ताट पडले की डोक्यात घाव बसतो." घरच्यांना हा म्हातारपणाचा हट्ट वाटतो. तो हट्ट नाही.

वयामुळे ऐकू कमी आले की हळू आवाज हरवतात, पण मोठे आवाज बहुधा पूर्वीइतकेच मोठे वाटतात. म्हणून "जरा मोठ्याने बोल" म्हणणारी दादीच लगेच "ओरडू नकोस" म्हणते. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. स्टीलचे ताट फरशीवर आपटले की आवाज क्षणात त्याच्या कितीतरी वर जातो. मोठा आवाज मशीन आपोआप आवरते, पण त्याला काही मिलिसेकंद लागतात. तोवर खणखणाट कानात पोहोचलेला असतो.

यासाठी बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये वेगळी सोय असते. आवाज किती झपाट्याने चढला, हे मशीन पाहते. बोलणे त्या मानाने सावकाश चढते, ताटाचा किंवा दाराचा आवाज एकदम उसळतो. अशी उसळी येताच मशीन तेवढ्या क्षणापुरता आवाज दाबते. ही सोय कमी-जास्त करता येते. मात्र ती फार वाढवली तर 'ट', 'क', 'प' यांसारखी ठसक्याची अक्षरेही बोथट होऊ शकतात. आणि सगळाच आवाज कमी करून ठेवला, तर खणखणाटाबरोबर बोलणेही जाते.

म्हणून आधी ऑडिओलॉजिस्टकडे परत जा. "त्रास होतो" एवढे सांगून भागत नाही. कोणता आवाज टोचतो, ताट, दार की कागदाची चुरगळ, हे लिहून न्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथेही ऐकण्याची तपासणी होते.

थोडे घरीही करता येते. धुतलेली भांडी जाड कापडावर पालथी घाला. दार हाताने धरून लावा. इफ्तारीला सगळे जमले की दादीला स्वयंपाकघरापासून लांब, तिकडे पाठ करून बसवा. तिच्यासमोर बसून नेहमीच्या आवाजात, सावकाश बोला. वडीलधाऱ्यांशी नरमीने बोलण्याची ताकीद आपल्याला आहेच.

मशीन नीट जुळायला दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. कंटाळू नका. ते डबीत गेले, तर दादी दस्तरखानावर बसूनही एकटी पडते.