पांढुर्ण्याचा मतदार काय पाहतो?

शेतकरी बंधूंनो, रापणकार भावांनो,

पांढुर्णा हे नाव तुम्ही ऐकले असेल ते गोटमारीपायी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, डोकी फुटतात, आणि वर्तमानपत्रांना तेवढ्यापुरती या गावाची आठवण होते. वास्तविक पांढुर्णा आणि शेजारचे सौंसर ही आपलीच भावंडे. घरात मराठी, बाजारात मराठी, शेतात संत्रा आणि कापूस. १९५६ साली जुन्या मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मागे राहिला, आणि त्याच्याबरोबर हा मराठी तुकडाही. नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास, भोपाळ त्याच्या दुपटीहून लांब. सरकार मात्र भोपाळचे.

तिथला मतदार पुढारी कसा पारखतो ते पाहा. त्यात आपल्या चळवळीला झोंबणारी एक गोष्ट आहे.

१९८० साली कमलनाथ छिंदवाड्यातून लोकसभेला उभे राहिले. जन्म कानपूरचा, शाळा डेहराडूनची, कॉलेज कलकत्त्याचे. मराठी तर नव्हेतच, छिंदवाड्याचेही नव्हेत. इंदिराबाईंनी प्रचाराला येऊन हा माझा तिसरा मुलगा अशी ओळख करून दिली, आणि लोकांनी त्यांना निवडून दिले. एकदा नव्हे, अनेकदा. माणूस परका आहे हे लोकांना दिसत नव्हते काय? चांगले दिसत होते. पण दिल्लीत ज्याचा शब्द चालतो तो आपला, हा हिशेब मोठा ठरला. अडलेल्या कुळाला आधी वकील लागतो. वकील घरी कोणती भाषा बोलतो हे तो मागाहून विचारतो.

पण हा मतदार कोणाच्या खिशातला नव्हे. १९९६ साली हवाला प्रकरणामुळे कमलनाथांना तिकीट मिळाले नाही. पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या, निवडून आल्या, आणि मग राजीनामा देऊन त्यांनी जागा मोकळी केली. १९९७ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी कमलनाथांना पाडले, सुंदरलाल पटवांना निवडले. मालकीणबाईंनी पाट राखावा आणि मालकांनी येऊन बसावे, हे लोकांना रुचले नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. पुढच्याच वर्षी पटवांना घरी बसवून कमलनाथांना परत आणले. चपराक एकच, पण बसायची तिथे बसली! पटवाही माळव्याचे, म्हणजे मराठी मुलखापुढे दोन्ही बाजूंनी परकाच. अर्थात पांढुर्णा आणि सौंसर हे त्या लोकसभा मतदारसंघातल्या सात विधानसभा जागांपैकी दोनच; सगळा कौल त्यांचा म्हणता येणार नाही.

त्या दोन जागांचे ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिवराजसिंह चौहानांच्या सरकारने पांढुर्णा हा वेगळा जिल्हा केला आणि सौंसर त्यात घातले. दिवाळीची ओवाळणीच म्हणा. 'मामा' म्हणवून घेणाऱ्याला ती शोभलीही. पुढच्याच महिन्यात मतदान झाले, आणि पांढुर्णा व सौंसर दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. ओवाळणी घेतली, मत दिले नाही. मग २०२४ साली कमलनाथांचे चिरंजीव नकुलनाथ लोकसभेला लाखाहून अधिक मतांनी पडले. बापाचा दबदबा वारसाहक्काने मुलाच्या नावावर चढला नाही.

नदीपलीकडच्या गावाला हसण्याआधी आता आपले घर पाहू. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते, तरी कुळाला ते आपले वाटले. गावोगाव मराठी शाळा निघाल्या, १९६४ साली कूळकायदा आला. १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत झाले. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मार्चमध्ये, याच गोव्याने भाऊंच्या हाती पुन्हा राज्य दिले. माणूस हवा, विलीनीकरण नको! आम्ही भाऊंची लोकप्रियता मोजत बसलो आणि तीच फुलाची मते समजलो. समोर डॉ. जॅक सिक्वेरांनी प्रश्नालाच हात घातला होता: तुमच्या गोव्याचे काय होणार? त्याला आमच्याकडे भाऊंच्या नावापलीकडे पुरेसे उत्तर नव्हते. १९८७ साली गोवा राज्य झाले, तरी त्या चुकीचा हिशेब आमच्या लोकांनी अजून मांडलेला नाही.

पांढुर्ण्यात तरी दुसरे काय झाले? नरखेडच्या मामाच्या शेताचा सातबारा मराठीत, पांढुर्ण्याच्या भाच्याच्या शेताचा खसरा हिंदीत. पुढाऱ्यांची तोलामोलाने पारख करणाऱ्या त्या भाच्यापुढे या कागदाचा प्रश्न कोणत्याही निवडणुकीत मुख्य प्रश्न म्हणून आला नाही. मग त्याने कौल तरी कशावर द्यावा?

आमचे कार्यकर्ते यापुढे तुमच्या वाड्यावर येतील. भाऊंच्या आठवणी त्यांना खुशाल सांगू द्या. मग तुमचा एक-चौदाचा उतारा पुढे ठेवा, मुंडकाराच्या घराचे विचारा, रापणीच्या किनाऱ्याचे विचारा: विलीनीकरणाने याचे काय होणार? उत्तर आले नाही तर चहा पाजून परत पाठवा.